मुद्दल तसंच राहतं

शंभर चौकटी छापलेलं एक जाड कार्ड असतं. वर कर्जदाराचं नाव, खाली दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा चौकटी. भाजीवाली ते गल्ल्याच्या डब्यात नाहीतर बसायच्या पोत्याखाली ठेवते. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दुचाकीवरून माणूस येतो, शंभराची नोट घेतो, एका चौकटीत सही करतो आणि पुढच्या गाळ्याकडे वळतो. कर्ज दहा हजारांचं, पण हातात नऊच हजार पडलेले असतात, कारण एक हजार व्याज आधीच कापून घेतलेलं असतं. शंभर दिवस रोज शंभर रुपये दिले की कार्ड भरलं.

व्याज किती, असं विचारलं तर देणारा आणि घेणारी दोघंही सांगतात, दहा टक्के. बँकेच्या वैयक्तिक कर्जापेक्षा हे स्वस्तच, असं ऐकणाऱ्याला वाटून जातं. पण नीट मांडून पाहिलं की चित्र वेगळं दिसतं. फेड पहिल्याच दिवसापासून सुरू होते, त्यामुळे पन्नासाव्या दिवशी तिच्याकडे नऊ हजार नसतातच. निम्मी रक्कम परत गेलेली असते. शंभर दिवसांत सरासरी साडेचार-पाच हजारच तिच्या वापरात होते आणि त्यासाठी तिने एक हजार मोजले. वर्षाचा दर काढला तर तो 75 टक्क्यांच्या वर जातो. ती हा हिशेब करत नाही. दिवसाच्या विक्रीतून शंभर रुपये बाजूला निघतील का, एवढंच ती पाहते, आणि तिच्या जागी बसलेल्या कुणीही तेवढंच पाहिलं असतं.

कार्डाच्या कर्जाला निदान शेवट असतो. महिन्याच्या व्याजाने घेतलेल्या पैशाला तोही नसतो. समजा, नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी कुणी 20,000 रुपये महिना दहा टक्क्यांनी घेतले. महिन्याला 2,000 व्याज. ते वेळेवर दिलं की सावकार काही म्हणत नाही. उलट चांगलं गिऱ्हाईक म्हणून मान देतो. पंधरा महिन्यांनी 30,000 रुपये देऊन झालेले असतात आणि 20,000 देणं जसंच्या तसं उभं असतं. अशा घरांत गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘व्याजच जातंय, मुद्दल तसंच राहतं.’ या सगळ्या प्रश्नाचा गाभा या एका वाक्यात आहे, असं मला वाटतं.

अडलेल्यांच्या अल्पमुदतीच्या कर्जाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा दरावर बोट ठेवतो. दर भयंकर आहेच. पण खरा धोका मुदतीत आहे. आठ दिवसांत, महिनाभरात एकरकमी फेडायचं कर्ज ज्याला दिलं जातं, त्याची मिळकत तेवढ्या दिवसांत एकरकमी वाढणार नाही हे देणाऱ्याला पक्कं माहीत असतं. तो फेडीच्या भरवशावर धंदा करतच नाही. फेड होणार नाही, मुदत वाढवून मागितली जाईल, पुन्हा व्याज मिळेल, या भरवशावर करतो. ज्या दिवशी गिऱ्हाईक मुद्दल टेकवून मोकळं होतं, त्या दिवशी त्याचं एक उत्पन्न बंद होतं. दीडशे वर्षांमागचा रोखा आणि आजच्या मोबाइलमधलं ॲप यांत कागद बदलला, माणसं बदलली. ही रचना बदललेली नाही.

दीडशे वर्षांमागची गोष्ट पुणे जिल्ह्याची आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 नंतर इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, सरकारने त्याच सुमारास शेतसारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्याआधी 1859 मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला होता. कर्जरोखा तीन वर्षंच ग्राह्य धरायचा, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा त्यामागचा हेतू. घडलं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार कुणब्याला बोलावून नवा रोखा करून घेऊ लागला. जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून नवं मुद्दल, त्यावर पुन्हा व्याज. कुणबी अंगठा उठवायचा. कागदावर काय लिहिलंय हे त्याला वाचून दाखवलं जाईलच असं नव्हतं.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि वह्या, खतं, रोखे जाळले. लोण अहमदनगर जिल्ह्यात पसरलं. दंगलीत मुख्य रोख कागदांवर होता हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्याला न समजणारा, आपल्या हाती नसलेला कागद हाच आपला फास आहे, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखलं होतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायालयाने नुसता रोखा पाहून हुकूमनामा द्यायचा नाही, रोख्यामागे जाऊन मूळ रक्कम किती होती आणि व्याज किती चढवलं हे तपासायचं, असं त्यात म्हटलं. त्या काळाच्या मानाने हे पाऊल मोठं होतं. सावकारांनीही वळसा शोधला. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत करून घेऊ लागले; पैसे परत दिलेस की जमीन परत लिहून देतो, हे फक्त तोंडी. आजही मराठवाड्यात, विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात बेकायदा सावकारीच्या तक्रारी वाचल्या तर निम्म्याशिम्म्या याच प्रकारच्या निघतात. दोन लाखांसाठी दोन एकरांचं खरेदीखत, साक्षीदार सावकाराचेच, आणि सातबाऱ्यावर नाव चढल्यावर ‘मी तर विकत घेतली’ हे उत्तर.

शहरातही वेगळं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांच्या दारात पगाराच्या दिवशी पठाण उभे असत, ‘पठाणी व्याज’ तिथूनच आपल्या बोलण्यात रुजलं. 1931 मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने कामगारांच्या कर्जबाजारीपणावर बरंच लिहिलं आहे. रुपयाला महिना एक आणा हा नेहमीचा दर, म्हणजे वर्षाला 75 टक्के, अशी नोंद त्यात आहे. आज वस्तीत सर्रास चालणारा महिना दहा टक्के हा दर वर्षाला 120 होतो. गिरण्या गेल्या, बँकांच्या शाखा नाक्यानाक्यावर आल्या, तरी तळच्या माणसाला पैसा तेव्हाच्या त्या नेहमीच्या दरापेक्षा महाग मिळतो आहे.

बँका आल्या हे खरंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या ग्रामीण पतपाहणीत, 1951-52 च्या सुमारास, खेड्यातल्या कर्जापैकी सुमारे 70 टक्के सावकारांकडचं होतं. 2019 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण कर्जापैकी 66 टक्के संस्थांचं आणि 34 टक्के बाहेरचं निघालं. शहरांत संस्थांचा वाटा 87 टक्क्यांवर गेला. पण हे आकडे रकमेचे आहेत. एका फ्लॅटच्या 40 लाखांच्या गृहकर्जाने चारशे भाजीवाल्यांची कार्डं आकडेवारीत दिसेनाशी होतात.

कायद्याने महाराष्ट्र मागे नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम जानेवारी 2014 पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही दर बांधून दिले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12, इतरांना 15 आणि 18. चक्रवाढीला मनाई आहे. व्याज कधीही मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही, हा दामदुपटीचा जुना हिंदू व्यवहारनियमही कायद्यात आहे. वर सांगितलेल्या उदाहरणात दहाव्या महिन्यातच व्याज 20,000 झालं, म्हणजे दामदुपटीने तिथेच थांबायला हवं होतं. सावकाराने बळकावलेली स्थावर मालमत्ता चौकशी करून मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांना आहे, आणि काही प्रकरणांत जमिनी परत मिळाल्याही आहेत.

मग अडतं कुठे? तक्रार करायला जो पुढे येईल त्याला पुढच्या आजारपणात पैसे कोण देणार, इथे. गावात अडीनडीला पैसे देणारा तो बेकायदा सावकारच एक असतो. पुष्कळदा तो सोसायटीचा संचालक, खताच्या दुकानाचा मालक किंवा एखाद्या नेत्याच्या जवळचा असतो. पालिकेच्या सफाई कामगारांची एटीएम कार्डं पिन नंबरासकट सावकाराच्या खिशात असतात. पगार जमा झाला की तोच काढतो आणि उरलेले हातावर ठेवतो. असा कामगार उपनिबंधकाच्या कार्यालयात पुरावा म्हणून काय नेणार? त्याच्याकडे ना पावती, ना रोखा, आणि सावकाराकडे मात्र त्याच्या सहीचा कोरा धनादेश. कायदा कागद मागतो, आणि हा सगळा व्यवहारच कागद टाळून झालेला असतो. 2015 मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची सावकारी कर्जं स्वतः भरायचं ठरवलं, तेव्हाही ती परवानाधारक सावकारांचीच. ज्यांचा फास सर्वांत घट्ट, ते यादीबाहेर राहिले.

मोबाइल ॲपवरच्या कर्जाने गेल्या काही वर्षांत यात एक नवी क्रूरता आणली. टाळेबंदीत, 2020 मध्ये, पगार थांबलेल्या माणसांच्या फोनवर ‘पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रं नकोत’ अशा जाहिराती येऊ लागल्या. ॲप उतरवून घेताना तीन-चार परवानग्या मागितल्या जात: संपर्कयादी, फोटो, मेसेज, ठिकाण. ‘परवानगी द्या’वर बोट टेकवायला एक सेकंद लागतो. पाच हजारांचं कर्ज मंजूर होई, खात्यात साधारण सव्वातीन हजार येत. बाकीचे प्रक्रिया शुल्क, सेवा शुल्क, कर अशा नावांनी कापलेले. मुदत सात दिवस. आठवड्यात 5,000 परत. 3,300 रुपयांवर आठवड्याला 1,700 म्हणजे पन्नास टक्क्यांहून अधिक, वर्षाच्या हिशेबाने अडीच हजार टक्क्यांच्याही पुढे. ॲपच्या पडद्यावर मात्र ‘व्याज दिवसाला अमुक पैसे’ असं लिहिलेलं, आणि तेवढ्यापुरतं ते खोटंही नसे, कारण लूट शुल्काच्या खात्यात दडवलेली होती.

सहाव्या दिवशी फोन सुरू होत. त्याच ॲपमधून किंवा त्याच्या भावंड-ॲपमधून नवं कर्ज घेऊन जुनं फेडा, असं सुचवलं जाई. याची टोपी त्याला करत एकेका माणसाच्या फोनात वीस-वीस ॲप जमली. जमेना तेव्हा परवानगी देऊन मिळवलेली संपर्कयादी बाहेर आली. साहेबाला, मेहुण्याला, मुलीच्या शाळेतल्या बाईंना मेसेज गेले: हा माणूस चोर आहे, तुम्हाला जामीन ठेवलंय. बायकांचे चेहरे नग्न चित्रांवर चिकटवून ओळखीच्यांना पाठवले गेले. तेलंगणात, आंध्रात, महाराष्ट्रात लोकांनी यापायी जीव दिले. पूर्वीचा सावकार दारात येऊन ओरडायचा, त्याची ओरड गल्लीपर्यंत पोचायची. यांची ओरड माणसाच्या सगळ्या नात्यांत एका वेळी पोचते, आणि तारण म्हणून त्यांनी घेतलेली असते ती माणसाची अब्रू. चार-पाच हजारांसाठी गेलेले हे जीव पाहून ‘लोकांनी आर्थिक साक्षरता वाढवायला हवी’ एवढंच म्हणणारी माणसं भेटतात, तेव्हा मला संताप येतो. हिशेब न येणं हा गुन्हा नाही, कुणाच्या लेकीचं विटंबित चित्र तिच्या बापाला पाठवणं हा गुन्हा आहे.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2021 मध्ये कार्यगट नेमला. त्याला त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत वेगवेगळ्या ॲप-दुकानांत सुमारे 1,100 कर्ज-ॲप आढळली. त्यांतली 600 बेकायदा होती. सप्टेंबर 2022 मध्ये नियम आले. कर्जाची रक्कम नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून थेट कर्जदाराच्याच खात्यात जायला हवी, मधल्या ॲपवाल्याने स्वतःचं शुल्क कर्जदाराकडून घ्यायचं नाही, सगळी शुल्कं धरून वर्षाचा दर आधी सांगायचा, ठरावीक दिवसांत दंड न भरता कर्ज परत करण्याची मुभा द्यायची आणि संपर्कयादीला, फोटोंना हात लावायचा नाही. गूगलने आपल्या दुकानात 60 दिवसांच्या आत पूर्ण फेड मागणाऱ्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपला बंदी घातली आहे, आणि 2023 पासून अशा ॲपला संपर्क व फोटो मागता येत नाहीत. जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नियमित संस्थांच्या कर्ज-ॲपची यादीही आहे. कर्ज घेण्याआधी त्या यादीत नाव शोधायला दोन मिनिटं लागतात, ती जरूर द्यावीत. छळ सुरू झालाच तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलिसांत तक्रार करावी, आणि त्याहीआधी घरच्यांना सांगावं. कारण धमकीचा जोर ‘घरी कळेल’ या भीतीवरच चालतो; घरी कळलेलं असलं की तो निम्मा उरतो. अर्थात, दुकानातून हटवलेलं ॲप दुसऱ्या नावाने, मेसेजमधल्या लिंकवरून पुन्हा येतंच.

नियमांच्या आत असलेल्या संस्थांनाही पूर्ण माफी देता येत नाही. बचत गटांच्या वाटेने मायक्रोफायनान्स आलं, तेव्हा सावकाराला पर्याय म्हणून त्याचं स्वागत झालं. विनातारण, घरपोच, बाईच्या नावाने. दर आठवड्याला वस्तीत बैठक, दहा-बारा जणी एकमेकींच्या जामीन. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात हे कोसळलं: एकेका घरात चार-पाच कंपन्यांची कर्जं, वसुलीचा जाच, आत्महत्या, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारचा वटहुकूम. त्यानंतर मालेगाम समिती बसली आणि 2011 मध्ये 26 टक्क्यांची कमाल मर्यादा आली. मार्च 2022 मध्ये दरावरची मर्यादाच काढून टाकली गेली. त्याऐवजी वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकतीच्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत, अशी अट घातली. ऑक्टोबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेला अवाजवी दरांसाठी चार वित्त कंपन्यांना नवी कर्जं देण्यापासून रोखावं लागलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकला वसुलीच्या छळाविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. मोकळीक दिल्याचा परिणाम यातून दिसतो.

आमच्याकडे, नोटाबंदीनंतर विदर्भात बायका कर्जमाफीसाठी रस्त्यावर आल्या, तेव्हा या बैठकांमध्ये सहन केलेलं त्या बोलत होत्या. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना उठू द्यायचं नाही. मग शेजारणीच शेजारणीच्या दारात जातात. परस्परांचा आधार म्हणून मांडलेली रचना वसुली कारकुनाचं काम फुकटात करून देते. नियम सांगतो की मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर यायचं नाही, दारात अपमान करायचा नाही. तो नियम त्या बायकांना कुणी वाचून दाखवलेला नसतो. आणि हप्ता भरायला पैसे नसले की त्या जातात कुठे? दहा टक्केवाल्याकडे. एकमेकांना पर्याय म्हणून आलेली ही कर्जं प्रत्यक्षात एकमेकांना गिऱ्हाइकं पुरवतात.

श्रीमंत देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत पुढच्या पगारावर दोन आठवड्यांसाठी शंभर डॉलरमागे पंधरा डॉलर घेतात, म्हणजे वर्षाला 390 टक्के. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने 2014 मध्ये पाहणी केली, तर अशा कर्जांपैकी 80 टक्क्यांहून अधिक कर्जं चौदा दिवसांच्या आत वाढवली गेली होती किंवा त्यांच्या पाठोपाठ दुसरं कर्ज घेतलं गेलं होतं. मुद्दल तसंच राहण्याचा याहून स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही. ब्रिटनमध्ये वोंगा नावाची कंपनी 5,853 टक्के वार्षिक दराची जाहिरात उघडपणे करत होती, आणि वसुलीसाठी खोट्या वकिलांच्या नावाने नोटिसाही धाडत होती. जानेवारी 2015 मध्ये तिथल्या नियामकाने दिवसाला 0.8 टक्क्यांची मर्यादा घातली आणि वर असा नियम केला की व्याज, शुल्क, दंड सगळं मिळून कधीही मूळ रकमेपेक्षा जास्त होता कामा नये. ही आपली दामदुपटच. 2018 च्या ऑगस्टमध्ये वोंगा बुडाली. तिची भिस्त वेळेवर फेडणाऱ्या कर्जदारांवर असती तर ती बुडाली नसती. दामदुपट तिथे चालली, कारण तिथे कर्ज नोंदलेलं असतं आणि हिशेब नियामकाला मागता येतो.

मर्यादा घातली तर गरिबाला कुणीच कर्ज देणार नाही, हा आक्षेप जुना आहे आणि तो सरळ झटकून टाकण्यासारखा नाही. रात्री दहाला दवाखान्यात अनामत भरायची असते तेव्हा बँक बंद असते. सावकार उठून पैसे देतो, आणि त्या क्षणी तो देवच वाटतो. हे नाकारून चालणार नाही. पण एका प्रयोगाने मला बराच विचार करायला लावला. डीन कार्लन, सेंदिल मुल्लइनाथन आणि बेंजामिन रॉथ या अर्थशास्त्रज्ञांनी चेन्नईतल्या आणि फिलिपीन्समधल्या बाजारातल्या विक्रेत्यांची सावकारी कर्जं स्वतः फेडून टाकली. चेन्नईच्या फळबाजारात दिवसाला पाच टक्क्यांच्या आसपास व्याज चालतं. एकदा मोकळे झाल्यावर ही माणसं बाहेर राहतील अशी कुणाचीही अपेक्षा असेल. त्यांतले बरेच जण थोड्याच काळात पुन्हा कर्जात होते. यावर ‘सवयच वाईट’ असा निकाल देणं सोपं आहे. मला त्यात दुसरं दिसतं. कर्ज गेलं तरी पोराचा ताप, पावसात सडलेला माल, भाचीचं लग्न यांपैकी काहीच गेलेलं नव्हतं, आणि त्यासाठी बाजूला टाकलेलं काहीही नव्हतं. मुल्लइनाथन यांनीच इतरांसोबत, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांच्या चाचण्या घेतल्या होत्या. ऊस जाण्याआधी, हातात पैसा नसताना, तीच माणसं विचारशक्तीच्या चाचणीत कमी पडली. बिल मिळाल्यावर सुधारली. ओढगस्तीत माणसाचं सगळं लक्ष आजच्या भोकावर असतं आणि महिन्यानंतरचं भोक त्याला दिसत नाही. अशा वेळी दिलेला सल्ला कानापर्यंतही पोचत नाही.

म्हणून कर्जमाफी आणि धाडी या दोन्हींपेक्षा मला त्या वाटा जास्त महत्त्वाच्या वाटतात, ज्या लहान रक्कम लांब मुदतीने देतात आणि सोबत थोडी शिल्लक पडू देतात. नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. गावागावांतले बचत गट आपसात महिना दोन टक्क्यांनी कर्ज देत आले. दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस, स्वस्त नव्हेच. पण ते व्याज गटाच्याच पेटीत जमा होतं आणि अडल्या बाईचा हप्ता पुढे ढकलायचा की नाही हे तिला ओळखणाऱ्या बाया ठरवतात. माण तालुक्यातल्या म्हसवडला 1997 मध्ये सुरू झालेली माणदेशी महिला बँक याच वाटेवरची. संस्थापक चेतना सिन्हा सांगतात, की प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला होता. तेव्हा त्या बायकांनी अधिकाऱ्यांनाच आव्हान दिलं, की व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. बँकेने बाजारात, दारात जाऊन रोजची लहान बचत गोळा केली. सावकाराचा माणूस रोज गाळ्यावर येतो तसा बँकेचा माणूस रोज आला, तर भाजीवाली रोजचे पन्नास रुपये बाजूला टाकू शकते. शंभरचा हप्ता ती भरतच होती.

फेरीवाल्यांसाठी 2020 मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. पहिलं कर्ज 10,000, वर्षभरात हप्त्याने फेड, वेळेवर भरणाऱ्याला सात टक्के व्याज परत. आता ती मार्च 2030 पर्यंत वाढवली आहे आणि रकमा 15,000, 25,000, 50,000 अशा झाल्या आहेत. कार्डाच्या कर्जाशी थेट स्पर्धा करणारी ही बहुधा पहिली सरकारी योजना आहे आणि म्हणून ती मोलाची वाटते. पण त्यासाठी पालिकेच्या सर्वेक्षणात नाव हवं किंवा पालिकेचं शिफारसपत्र हवं. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसणारी, रोज जागा बदलणारी बाई दोन्हींत सापडत नाही, आणि कार्डवाल्याला ती बरोबर सापडते.

शिवाय कर्जाची वेळच येऊ नये, यासाठी करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याचा सावकारीशी संबंध आहे हे आपण लक्षात घेत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कवच आहे. तरीही ज्या उपचाराचे पैसे योजनेतून मिळणार, त्यासाठी रात्री दवाखान्याच्या काउंटरवर अनामत मागितली गेली की नातेवाईक पहिला फोन दहा टक्केवाल्याला करतात, कारण योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, सकाळी येणार असतो. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात चोवीस तास बसणारा आरोग्यमित्र हा सावकारीविरोधी उपाय आहे, असं मी म्हणेन.

आणि पगार. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत झाला पाहिजे, हे 1936 च्या वेतन कायद्यापासून लिहिलेलं आहे; मोठ्या आस्थापनांना त्या कायद्यात फार तर 10 तारखेपर्यंत मुभा होती. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, घंटागाड्यांवरची माणसं यांचा पगार कितीतरी ठिकाणी 20-25 तारखेला होतो. पालिका म्हणते कंत्राटदाराने द्यावा, कंत्राटदार म्हणतो पालिकेने बिल काढलं की देतो. मधल्या दिवसांत घरभाडं आणि किराणा थांबत नाही. चौदा हजार पगाराचा कामगार मग आठ हजार उचलतो. पैसे दहा-बारा दिवसांतच परत केले तरी सावकार पूर्ण महिन्याचे आठशे कापतो. कंत्राटदाराच्या उशिराचं व्याज असं दर महिन्याला कामगाराच्या पगारातून जातं. पगार लांबला तर तितक्या दिवसांचं व्याज, बाजारात चालतं त्याच दराने, कंत्राटदाराच्या बिलातून कापून कामगाराच्या खात्यात जमा करायचं, एवढी एक अट निविदेत घालायला कुठल्याही पालिकेला नवा कायदा लागत नाही.